अजेय, मांजरी आणि अकरावा प्रश्न

माझा मुलगा कोणाचंही खरं मानतो, आणि याची मला भीती वाटते. लहान मुलाचं ठीक असतं. अजेय एकोणतीस वर्षांचा आहे, बापापेक्षा उंच आहे, आणि त्याच्या नावाआधी लवकरच पीएचडीचं डॉक्टर लागणार आहे. तरीही गेल्या महिन्यात सियालदहच्या बाजारात एका मासेवाल्याने त्याला सांगितलं की हा मासा पहाटे स्वतःहून जाळ्यात आला, आणि याने तो घेतला. घरी आणल्यावर मी कल्ले उघडून दाखवले, तेव्हा म्हणतो, "अगं, पण तो खोटं कशाला बोलेल?"

मनोहर, म्हणजे अजेयचे बाबा, पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मासा विकायला."

हे आमच्या घरात हसण्यावारी जातं. या वेळी मात्र ते तसं जाणार नाही. परवा रविवारी सकाळी, परीक्षकांना तोच दिवस जमतो म्हणून, अजेयचं सेमिनार आहे. पाच वर्षांच्या कामाचं सार तो परीक्षकांपुढे मांडणार आहे, आणि त्यातली एक मोठी गोष्ट चुकीची आहे. कोणाच्या तरी शब्दावर विश्वास ठेवल्यामुळे चुकीची आहे. कोणाच्या, ते पुढे येईलच. बारा वाजून गेलेत, मनोहर आत घोरतायत, आणि मला हे एकदा नीट क्रमाने लिहून काढायचं आहे.

मनोहरांची कोलकात्याला बदली झाली तेव्हा अजेय चार वर्षांचा होता. सरकारी कंपनी, तीन वर्षांची नेमणूक. त्या तीन वर्षांना आता पंचवीस झाली. शाळेत इंग्रजी, खेळायला बंगाली, रिक्षावाल्याशी हिंदी, आणि उरलेल्या वेळात मराठी, असं त्याचं झालं. बंगालीत पाणी पीत नाहीत, खातात, त्यामुळे पुण्याला गेला की तो मोठ्याने विचारायचा, "मंगलामावशी, मी पाणी खाऊ?" माझी बहीण मंगलाताई त्याला वाटीत पाणी आणि चमचा द्यायची. हा निमूटपणे चमच्याने प्यायचा. पुण्यात असंच करत असतील, असं त्याला वाटायचं.

सात वर्षांचा असताना गल्लीतल्या पोरांनी त्याला सांगितलं की मांजरींना फक्त बंगाली कळतं. तेव्हापासून आजतागायत तो मांजरीशी मराठीत एक अक्षर बोललेला नाही. आता पशुवैद्यकाची पदवी घेऊन झाली, तरी नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाला, "मला माहितेय गं तसं नसतं. पण असलं तर?"

नाव आम्ही अजेय ठेवलं. त्याचे हात बघितले तर कोलकात्यातल्या किती मांजरींनी त्याला हरवलंय ते लक्षात येईल.

पदवीनंतर तो दवाखाना काढेल अशी आमची समजूत होती. एक दिवस जेवताना त्याने सांगितलं की त्याला संशोधनाला जागा मिळाली आहे. विषय, मांजरींच्या स्तनांच्या कर्करोगातल्या जैविक खुणा. मनोहरांनी पोळीचा घास खाली ठेवला.

"मांजरींना असतं हे?"

"आठ असतात बाबा."

"अरे, मी कर्करोगाचं विचारत होतो."

"तोही असतो. आणि झाला तर बहुतेक वेळा वाईटच असतो."

मग त्याने समजावून सांगितलं. मला जेवढं कळलं ते असं. मांजरीची गाठ काढली की तिचा एक बारीक तुकडा मेणात बसवतात आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करतात. काचेवर तो काप ठेवून त्यावर एकेक द्रव्य सोडतात. प्रत्येक द्रव्य एकच खूण हुडकतं. ती खूण पेशीत असली की तिथे तपकिरी रंग चढतो, नसली तर निळंच राहतं. एक खूण सांगते की पेशी किती वेगाने वाढतायत. दुसरी सांगते की गाठीला कुठल्या हार्मोनची भूक आहे. तिसरी बायकांच्या कर्करोगातही सापडते, म्हणून मांजरीचा अभ्यास माणसांच्याही उपयोगाचा. या सगळ्या खुणा एकत्र पाहिल्या की कुठली मांजर किती दिवस काढेल, कोणाला नुसती शस्त्रक्रिया पुरेल, याचा अंदाज येतो. अजेय सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तपकिरी आणि निळ्या पेशी मोजत बसतो. तांदूळ निवडावेत तसा. एका काचेवरच्या हजार.

"म्हणजे तू दिवसभर ठिपके मोजतोस," मनोहर म्हणाले.

"हो."

"मीही नोकरीत तेच केलं. पुढे जा."

अडचण नातेवाइकांची होती. मंगलाताईने त्याचं नाव विवाहमंडळात घालायचं ठरवलं आणि फोनवर विचारलं, "काय लिहू गं? काय करतो नक्की?" मी सांगितलं. तिने ते मला पुन्हा म्हणायला लावलं. मग ती म्हणाली, "मी कर्करोग संशोधक एवढंच लिहिते. मांजर नको आणि ते दुसरंही नको." नाशिकच्या एका मुलीच्या आईने अजेयला थेट फोन करून विचारलं, कर्करोगाचे रुग्ण कुठले असतात? हा म्हणाला, "बरेचसे सियालदहच्या मासळीबाजारातले." तिकडून पुन्हा फोन आला नाही.

माझ्याही अंगात थोडी खोड आहे, ती लपवत नाही. अजेयने एका काचेचा फोटो मला पाठवला होता, निळ्यावर तपकिरी नक्षी, कडेला फिकट जांभळी वेल उठावी तशी. मी तो आमच्या बहिणींच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "इकडची नवीन साडी, कशी वाटते?" अर्ध्या तासात अकोल्याहून दोन आणि पुण्याहून तीन साड्यांची मागणी आली. मंगलाताईने विचारलं, "पदर कसा आहे?" मी लिहिलं, "पदर अजून काढायचाय, मांजर शुद्धीवर येतेय." तिने मला चार दिवस ग्रुपमधून काढून टाकलं होतं.

पण अजेयला ठिपके मोजण्याखेरीज आणखी एक गोष्ट येते. ती मी हावड्याला पाहिली. नदीपलीकडे राहणाऱ्या यामिनी नावाच्या एका म्हाताऱ्या बाईंची मांजर बघायला जायचं होतं आणि टोपली धरायला कोणी नव्हतं, म्हणून मला बरोबर नेलं. लाँचमधून नदी ओलांडताना रिकाम्या टोपलीकडे बघून एका बाईने मला विचारलं, "मासे?" मी म्हटलं, "नाही, मुलाचा अभ्यास."

यामिनीबाईंनी दारातच अजेयला झापलं. "तू डॉक्टर? तुला तर मिशीही नीट फुटली नाहीये." अजेयने ते मान्य केलं. मग तो सरळ जमिनीवर बसला. मांजर त्याच्या मांडीवर आली, त्याला एक बोचकारा काढला आणि तिथेच झोपली. फॉर्म भरताना त्याने मांजरीचं वय विचारलं. बाई म्हणाल्या, "सात." मागे भिंतीवर एक फोटो होता, त्यात हीच मांजर पाळण्यातल्या नातवाशेजारी बसलेली, आणि तो नातू आतल्या खोलीत दाढी करत होता. मी अजेयला डोळ्यांनी भिंत दाखवली. त्याने सात लिहिलं. परतताना मी चिडले, तर म्हणाला, "मी मालकिणीच्या मते सात असं लिहिलंय. पुढे दात बघून लिहीन की."

पण सांगायचं ते वेगळं. बाईंनी विचारलं, "किती दिवस काढेल?" मला वाटलं आता हा खुणा, टक्केवारी वगैरे सुरू करणार. त्याने आधी विचारलं, ही काय खाते, कुठे झोपते, तुमच्याशी भांडते का. बाई बोलत राहिल्या. मग त्याने त्यांचं बोट धरून मांजरीच्या पोटावरची गाठ त्यांना हाताला जाणवू दिली. "ही वाटाण्याएवढी आहे. लहान आहे हे चांगलं. काढून टाकू. काढल्यावर मी तपासेन. मग जे दिसेल ते सगळं तुम्हाला सांगेन, आणि जे कळणार नाही ते कळलं नाही म्हणून सांगेन." बाईंचा रडवेला चेहरा हळूहळू सैल झाला. त्यांनी त्याला पुन्हा एकदा झापलं, या वेळी बारीक असल्याबद्दल, आणि आम्हाला जेवायला बसवलं. मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझ्या मुलाकडे जरा लांबून पाहिलं.

आता कुसुमदी.

कुसुमदी आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. वय बहात्तर, लग्न केलं नाही, सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. तीस वर्षं लोकांचे फोन जोडून देताना कानावर आलेलं त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, निदान मला सोडून कोणाला नाही. गल्लीतल्या सगळ्या मांजरी त्यांच्या. घरात एकही नाही, पण संध्याकाळी सहा वाजता माशाच्या डोक्यांचा भात घेऊन त्या जिन्याखाली उभ्या राहिल्या की सात-आठ जणी येतात. त्यातली बूला नावाची पांढरी-पिवळी मांजर जेवण झाल्यावर आमच्या दारात येऊन झोपते, म्हणून ती निम्मी माझी.

पाच-सहा वर्षांपूर्वी गल्लीत पिल्लांचा सुळसुळाट झाला होता. रोज एखादं गाडीखाली जायचं. कुसुमदींनी एका मांजरीची शस्त्रक्रिया करून आणली, ती टाके पिकून गेली. तेव्हापासून त्यांनी कापाकापीचं नाव टाकलं. मग कोणीतरी त्यांना युक्ती सांगितली. बायकांसाठी हार्मोनच्या गोळ्या मिळतात, त्यातली एक दर रविवारी भातात कुस्करून घातली की मांजरींना पिल्लं होत नाहीत. ती युक्ती लागू पडली. पण त्यांचे गुडघे दुखायला लागले, आणि औषधाच्या दुकानात जायचं काम माझ्याकडे आलं.

कल्पना करा. मी सत्तावन्न वर्षांची आहे. डोक्यावर निम्मे केस पांढरे. आणि दर महिन्याला कोपऱ्यावरच्या दिलीपबाबूंच्या दुकानात जाऊन मी पिल्लं न होण्याच्या, म्हणजे मुलं न होण्याच्या गोळ्या मागते. पहिल्या महिन्यात दिलीपबाबूंनी चष्मा पुसला. दुसऱ्या महिन्यात त्यांनी गोळ्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिल्या. तिसऱ्या महिन्यात मात्र त्यांना राहवलं नाही. "बौदी, दादा बरे आहेत ना?" इथे वहिनीला बौदी म्हणतात.

"एकदम ठणठणीत," मी म्हटलं.

"ते दिसतंच आहे," दिलीपबाबू म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात आदर होता. त्यानंतर रस्त्यात मनोहर दिसले की ते उभं राहून नमस्कार करायला लागले. मनोहर मला म्हणायचे, "या माणसाला माझ्याबद्दल अचानक काय वाटायला लागलंय कळत नाही." मी कशाला सांगते? कुसुमदी आणि मी या एका गोष्टीवर दोन वर्षं हसलो.

एकदा मनोहरांना किल्ली शोधताना माझ्या पर्समध्ये गोळ्यांची पट्टी सापडली. "ह्या कशाच्या?" मी पर्स ओढून घेतली. म्हटलं, "चक्कर येते त्याच्या." त्यांनी मान डोलावली. मुलगा कोणावर गेलाय हा प्रश्न आमच्या घरात कधीच नव्हता. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ते विचारतात, "चक्कर कशी आहे?" आणि मी म्हणते, "आटोक्यात."

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता अजेय घरी आला होता. तो आता प्रयोगशाळेजवळ खोली घेऊन राहतो, रविवारी जेवायला येतो. बूलाचं पोट खाजवता खाजवता त्याचा हात थांबला. मग त्याने दोन बोटांनी पुन्हा चाचपलं आणि बंगालीत तिला काहीतरी हळूच म्हणाला. गाठ होती. बोराएवढी. बूला जेमतेम चार वर्षांची. एवढ्या लहान वयात हे सहसा होत नाही, तो म्हणाला.

चहाच्या वेळी त्याने फॉर्म काढला. बूलाच्या मालकिणी दोन, म्हणून कुसुमदींनाही वर बोलावलं होतं. मनोहर नेहमीप्रमाणे पेपरामागे. वय, खाणं, किती वेळा व्यायली, असं करत अजेय अकराव्या प्रश्नाला आला.

"पिल्लं होऊ नयेत म्हणून हिला कधी गोळी किंवा इंजेक्शन दिलंय?"

कुसुमदींनी बशीत चहा ओतला. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे. त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, ते मी ओळखते. दोन वर्षांचं आमचं हसू. हो म्हटलं तर लगेच पुढचा प्रश्न येणार, कुठली गोळी, कुठून आणली. मग पर्स, मग दिलीपबाबू, मग चक्कर. नवऱ्यासमोर आणि मुलासमोर, चहा आणि बिस्किटं घेताना, मी कुठल्या गोळ्या आणते ते सांगायचं?

"नाही," मी म्हटलं.

"कधीच नाही?"

"अरे, गल्लीतल्या मांजरीला कोण गोळ्या देत बसणार?" कुसुमदी म्हणाल्या, आणि बशी तोंडाला लावली.

अजेयने "नाही" वर खूण केली. मला त्या वेळी ही साधी थट्टाच वाटली. गोळीचा आणि गाठीचा काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही. तो ते का विचारतोय, हे मी विचारलं नाही. एवढी शिकलेली मी, पण नाही विचारलं.

बूलाची शस्त्रक्रिया झाली. एका बाजूचे चारही स्तन काढावे लागले. टाके चाटू नयेत म्हणून मी मनोहरांच्या जुन्या बनियनचं तिला जाकीट शिवलं. ते घालून ती जिन्यात बसली की वरच्या मजल्यावरचे लोक तिला वाट देत. ती वाचली, अजून आहे. पण दिवाळीनंतर गल्लीतल्या आणखी तिघींना गाठी निघाल्या. तिघी तरुण. तिघींचे फॉर्म कुसुमदींनी भरले, अकराव्या प्रश्नाला तेच उत्तर. त्यातली एक काळी, थोडी लंगडी, उशिरा सापडली. ती आता नाही.

आणि मग अजेय कामाला लागला. आमच्या गल्लीतल्या चौघींच्या गाठींत एकच गोष्ट होती. एका ठरावीक हार्मोनची खूण, गडद तपकिरी, जवळजवळ प्रत्येक पेशीवर. शहरातल्या बाकी मांजरींत असं नव्हतं. बाकीच्या मांजरी म्हाताऱ्या होत्या, ह्या तरुण. त्याचे सर म्हणाले, एका गल्लीत काहीतरी आहे, शोध. हा शोधायला लागला. त्याने गल्लीतल्या गटाराचं पाणी बाटलीत भरलं. पाण्याच्या टाकीवर चढला. शेवटी त्याचं लक्ष कुसुमदींच्या माशांच्या डोक्यांवर गेलं. मांजरींच्या पोटात हार्मोनसारखं काहीतरी माशांतून जात असावं, असा त्याचा तर्क झाला.

माझ्या फ्रीजरमध्ये सध्या तेवीस माशांची डोकी आहेत. प्रत्येकाला चिठ्ठी लावलेली. मटारला जागा नाही. सावधगिरी म्हणून अजेयने बापाला सियालदहच्या बाजारातला मासा बंद केलाय. मनोहर मालवणचे, पंचवीस वर्षं बंगालात राहून मासा त्यांच्यासाठी जेवण नाही, श्वास आहे. दहा दिवस झाले, ते सोयाबीनच्या वड्यांकडे बघून म्हणतात, "ह्यात काटा तरी घाल गं एखादा." मला हसू येत होतं, परवापरवापर्यंत.

गेल्या रविवारी जेवताना त्याने सेमिनारचं सांगितलं. कागदावर आकृती काढून दाखवली.

"बघ आई. ह्या गाठीला ह्या हार्मोनची भूक आहे. मांजरीला बाहेरून हार्मोन दिलं असतं तर हे सगळं एका मिनिटात उलगडलं असतं. पिल्लं थांबवायच्या गोळ्यांनी अगदी असंच होतं, पुस्तकात आहे. पण फॉर्ममध्ये चारही ठिकाणी 'नाही' आहे. म्हणून तर हे नवीन आहे. म्हणून मासे."

माझ्या हातातला डाव आमटीत तसाच राहिला.

"लोक खोटं सांगत असतील," मी म्हटलं.

"लोक कोण?" तो हसला. "चारही मांजरी तुझ्या आणि कुसुम मासीच्या आहेत."

मनोहरांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "चक्कर येतेय का?" आणि मी प्रथमच खरं उत्तर दिलं. "हो."

सोमवारी दुपारी मी खाली गेले, कुसुमदींना सांगायचं ठरवून. त्या खिडकीत बसून भातातले काटे काढत होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, "गौरी, चार वर्षांत ह्या गल्लीत एकही पिल्लू गाडीखाली गेलेलं नाही. मोजलंयस? मी मोजलंय. माणसाने आयुष्यात एक तरी काम धड केलं पाहिजे. मी हे केलं." मग हसून म्हणाल्या, "आपण केलं. तुझा अर्धा वाटा. दिलीपबाबू साक्षीदार."

मी काय बोलणार होते? की ज्या मांजरींना तुम्ही पिल्लांपासून वाचवलंत, त्यांना गाठी तुमच्या हातून झाल्या? की ती काळी, लंगडी, जिच्यासाठी तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत, ती आपल्या रविवारच्या भाताने गेली असेल? मी फक्त म्हटलं, "गोळ्या दुकानात नाहीयेत या वेळी."

"मग सरलाला पाठवते सियालदहला," त्या म्हणाल्या. सरला त्यांची धुणीभांडी करते. "रविवार चुकवायचा नाही."

म्हणजे नवी पट्टी माझ्या पर्समध्ये लपवून काही थांबत नाही. आज शुक्रवार. रविवार सकाळ अगदी जवळ आहे, आणि त्याच सकाळी अकरा वाजता अजेय मासे घेऊन परीक्षकांपुढे उभा राहणार. एकाच दिवशी खाली भात कुस्करला जाणार आणि तिकडे माझा मुलगा फळ्यावर गटार, टाकी आणि तेवीस डोकी काढून दाखवणार. परीक्षक हसले तर? हसले नाहीत आणि त्यांनी ते खरं मानलं, तर ते जास्त वाईट. मग ते छापलं जाईल, आणि कुठल्यातरी दुसऱ्या गल्लीतली दुसरी कुसुमदी निश्चिंतपणे गोळ्या कुस्करत राहील.

चार दिवस मी विचार करत होते की अजेयला सांगितलं तर कुसुमदींचं काय होईल. त्या मोडून जातील असं वाटत होतं, म्हणून गप्प होते. पण आज लिहिताना हावड्याच्या त्या खोलीपाशी आले आणि थांबले. कुसुमदींना हे मला सांगता येणार नाही. मी सांगायला गेले तर आधी रडेन आणि मग आमची दोघींची बाजू घेत बसेन. पण सांगू शकेल असा एक माणूस आहे. तो आधी विचारेल काळी काय खायची, कुठे झोपायची. मग जे दिसलं ते सांगेल, आणि काळीचं नक्की कशाने झालं हे कळणार नाही, तेही सांगेल. उरलेल्या मांजरींचं काय करायचं हेही त्यालाच माहीत आहे. त्याला कोणी सात सांगितलं तर तो सात लिहितो, पण दात बघितल्यावर खोडून सोळा लिहायलाही त्याला कमीपणा वाटत नाही. बूलाच्या फॉर्मवरचं माझं "नाही" त्याला तसंच खोडू दे.

माझ्याबद्दल त्याला काय वाटेल, ते मी या कागदावर लिहून ठरवू शकत नाही. आणि मनोहरांना कळल्यावर दिलीपबाबूंचे नमस्कार आठवून ते काय म्हणतील, त्याची कल्पना करून मला एवढ्या रात्रीही हसू येतंय, ते आवरत नाही.

सकाळपर्यंत थांबले तर चहा करीन, मग कपडे वाळत घालीन, मग म्हणेन संध्याकाळी. अजेय रात्री फोन जवळच ठेवून झोपतो, कुठल्यातरी मांजरीचं काहीतरी होतं म्हणून. मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलंय. चष्मा लावलाय, पर्समधली पट्टी समोर काढून ठेवलीय, म्हणजे गोळीचं नाव आणि किती ताकदीची ते त्याला नीट वाचून दाखवता येईल, आणि आता त्याला फोन करते.